गप्पीची पिल्लं: माद्या थव्यात, नर भटके. हे जन्मापासूनच असतं का?

जुईली_ठाणे (धागाकर्ती)

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी आहे. स्पंज फिल्टर, खाली बारीक वाळू, एका कोपऱ्यात जावा मॉसचा (पाण्यातल्या शेवाळाचा) मोठा गुंता. तीन महिन्यांपूर्वी आमची मोठी मादी गप्पी एका रात्रीत व्यायली. सकाळी टॉर्च लावून मॉसमध्ये मोजली तेव्हा २७ पिल्लं होती. आई स्वतःचीच पिल्लं खाते हे माहीत असल्यामुळे तिला लगेच बाहेर काढलं. पहिल्या आठवड्यात तीन गेली, २४ जगली.

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, सुईच्या टोकावर मावेल इतकाच, दिवसातून चार वेळा घालत होते. मुलगा सातवीत आहे, त्याची आणि माझी पाळी लावलेली. एवढा वेळ टाकीसमोर बसल्यावर माणूस बघायला शिकतो.

पहिले काही दिवस पिल्लं मॉसमध्ये सुटीसुटी लपून असायची. मग हळूहळू बाहेर आली आणि एकत्र फिरायला लागली. काचेवर बोट आपटलं की एका क्षणात सगळी एकमेकांजवळ. तेव्हा नर कोण, मादी कोण, काही कळत नव्हतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काहींच्या पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा व्हायला लागला. ते नर. बाकीच्यांच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग दिसू लागला. त्या माद्या. १३ माद्या, ११ नर.

आणि त्यानंतर टाकीतलं चित्र पालटलं. माद्या अजूनही सात-आठच्या घोळक्यात फिरतात. नर मात्र या घोळक्यातून त्या घोळक्यात, मध्येच एकटे, कुठेच पाच मिनिटं टिकत नाहीत. मी काचेवर स्केचपेनने उभ्या रेघा मारून टाकीचे तीन भाग केले. रोज संध्याकाळी साडेसातला, खाणं घालायच्या आधी, दहा मिनिटं बसायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला सगळ्यात मोठ्या घोळक्यात किती माद्या आणि किती नर ते वहीत लिहायचं. अठरा दिवस केलं. एकाही दिवशी नर पुढे गेले नाहीत. शेपटीवर केशरी ठिपका असलेला एक नर आहे, तो तर एका बैठकीत तिन्ही भागांत कितीदा फिरतो याची मोजदाद ठेवता येत नाही.

प्रश्न असा: मुली जन्मापासूनच जास्त मिळूनमिसळून राहणाऱ्या असतात, की सगळीच तशी असतात आणि मुलगे मोठे झाल्यावर तुटतात? तुमच्या टाकीत काय दिसतं?


काचपेटी

कोल्हापुरातून. गेली बारा वर्षं गप्पी पाळतोय, आणि तुम्ही म्हणता ते शंभर टक्के दिसतं. पण एक सांगू का, यात नर 'भटके' आहेत एवढंच नाही, ते माद्यांच्या मागे लागलेले असतात. टाकीत नर जास्त झाले की माद्या दमतात, खात नाहीत, फिल्टरमागे जाऊन बसतात. म्हणून आम्ही एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवतो. तुमच्याकडे ११ नरांना १३ माद्या म्हणजे माद्यांना श्वास घ्यायला जागा नाही. आधी नर वेगळे करा, अभ्यास नंतर.

नर काढल्यावर माद्यांचा थवा कसा शांत होतो ते बघाच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या तासात फरक दिसला होता. फिल्टरमागची जुनी मादी स्वतःहून पुढे आली.

एक जपा. एकदा एका दुकानातून मी रंगीत माद्या आणल्या होत्या, शेपट्या नरासारख्या रंगलेल्या. नंतर कळलं की नराचं संप्रेरक देऊन मादीच्या अंगावरही रंग आणता येतो. त्यातल्या एकीलाही पिल्लं झाली नाहीत. तेव्हा रंग बघून नर-मादी ठरवू नका. पोटाखालचा पर बघा.


ओहोळ

जुईलीताई, तुमची वही बघून फार आनंद झाला. अठरा दिवस एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंद ठेवणं सोपं नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नाचं मूळ त्रिनिदादमध्ये आहे. गप्पी हा त्या बेटावरचा आणि जवळच्या व्हेनेझुएलातला मासा. नावाचा आपल्या गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदादमधले निसर्ग अभ्यासक रॉबर्ट जॉन लेचमीर गप्पी यांनी नमुने लंडनला पाठवले आणि १८६६ मध्ये त्यांचं नाव माशाला मिळालं. पीटर्स यांनी त्याआधीच, १८५९ मध्ये, याच माशाचं वर्णन केलेलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव त्यांचं राहिलं, पोसिलिया रेटिक्युलाटा. बोलण्यात मात्र गप्पीच टिकला.

त्रिनिदादच्या उत्तरेला डोंगररांग आहे. तिथून उतरणाऱ्या नद्यांवर जागोजागी धबधबे आहेत. धबधब्याच्या खाली क्रेनिसिक्ला नावाचा लांबट शिकारी मासा असतो, तो मोठे गप्पी गिळतो. धबधब्याच्या वर तो चढू शकत नाही. तिथे रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा असतो, जो फार तर पिल्लं खातो. म्हणजे एकाच नदीत, चालत जाण्याच्या अंतरावर, गप्पीची दोन वेगळी आयुष्यं. बेनोनी सेगर्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की खालच्या धोक्याच्या पाण्यातले गप्पी घट्ट थवा करतात आणि वरचे सैल राहतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिढीतही हा फरक टिकला, म्हणजे तो रक्तात आहे, नुसता बघून शिकलेला नाही.

पुढे ॲन मॅगुरन आणि सेगर्स यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांकडे लक्ष दिलं. त्यांचा अभ्यास १९९० चा. जन्मल्याजन्मल्या पिल्लांना एकमेकांची ओढ असते, आणि कुठल्या पाण्यातली आई त्यावर ती कमीजास्त असते. याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्या पिल्लाने अजून एकही शत्रू पाहिलेला नाही, ते सोबत शोधतंय.

मग नर-मादीचा फरक कुठून येतो? मोठ्या माद्या ओळखीच्या माद्यांसोबत राहणं पसंत करतात. सोबतच्या माशांची ही ओळख पटायला गप्पीला साधारण १२ दिवस लागतात, हे १९९७ मध्ये ग्रिफिथ्स आणि मॅगुरन यांनी मोजलं. नर थवे बदलत राहतात. २००३ मध्ये अरिमा नदीत खुणा केलेले मासे पुन्हा पकडून पाहिले तेव्हा एका डोहातून दुसऱ्यात जाणाऱ्यांत नर जास्त निघाले.

कारण दोघांचं गणित वेगळं आहे. मादी आयुष्यभर वाढते, आणि जितकी मोठी तितकी जास्त पिल्लं. एकदा मीलन झालं की नराचं बीज ती महिनोन्महिने शरीरात साठवून ठेवू शकते, म्हणजे नराची तिला रोज गरज नाही. तिला हवंय खाणं आणि जीव वाचवणं, आणि दोन्ही थव्यात जास्त चांगलं जमतं. नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. त्याची सगळी मदार किती माद्या भेटतात यावर. तो एका थव्यात बसून राहिला तर त्याचंच नुकसान.

आणि काचपेटी म्हणतात तो त्रास फक्त टाकीत होत नाही. धोक्याच्या नद्यांत एका मादीला सरासरी मिनिटाला एक जबरदस्तीचा प्रयत्न झेलावा लागतो, असं १९९४ मध्ये मोजलं गेलं. २००८ मध्ये साफी डार्डन आणि डॅरन क्रॉफ्ट यांनी दाखवलं की हा जाच चुकवायला माद्या खोल पाण्यात जातात, जिथे शिकारी मासे जास्त असतात. गिळणारा परवडला, पण मागे लागणारा नको. दुसऱ्या वर्षी त्यांनीच दाखवलं की जाच चालू असेल तर माद्यांचं आपसातलं राहणं विस्कटतं आणि एकमेकींना ओळखणंही बिघडतं.

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझं मत: थव्याची ओढ दोघांनाही जन्मतःच. मादी ती धरून ठेवते, नराला वयात आल्यावर दुसरी ओढ लागते. पण तुमच्या वहीतून हे सिद्ध होत नाही, कारण लहानपणीच्या नोंदींत नर-मादी वेगळे नाहीत.


सरळरेषा

धागा आवडला, पण एक गोष्ट मनापासून खटकते. 'मुली मिळूनमिसळून', 'मुलगे तुटतात', ही आपल्या घरातली भाषा आहे. दोन सेंटिमीटरच्या माशावर ती घातली की जे दिसायला हवं ते दिसत नाही, आपल्याला आधीच वाटत असतं ते दिसतं. मला दोन मुलगे आहेत आणि दोघेही एकमेकांना सोडून राहत नाहीत. त्यांच्याबद्दल लोक सहज बोलतात, 'मुलगेच ते, भटकणारच'. म्हणून हे शब्द मला टोचतात.

आणि दुसरं, रंगीत मासा नजरेत भरतो. अर्ध्या मिनिटाला मोजताना केशरी शेपटी कुठे गेली ते डोळा आपोआप शोधतो. राखाडी मादी एकटी पडली तरी सुटून जाईल. नोंद घेताना कोण नर, कोण मादी हे माहीत नसायला हवं.


जुईली_ठाणे

सरळरेषा, पटलं. यापुढे नर आणि मादीच लिहीन. आणि डोळ्याचं म्हणता तेही खरं आहे. मुलाला न सांगता एक दिवस मोबाईलवर काढलेली चित्रफीत त्याला मोजायला दिली, तर त्याने सहा एकट्या माद्या टिपल्या ज्या माझ्याकडून सुटल्या होत्या.

नर काल वेगळे केले. काचपेटीदादा, खरंच अर्धा तास लागला नाही. इतके दिवस मी ज्याला थवा म्हणत होते तो पळणाऱ्यांचा गोळा होता. आता त्या एकमेकींच्या जवळ आहेत पण धावत नाहीत, वाळू टोचतात, दोन टोचणाऱ्या असल्या की एक वर बघते.

पण ओहोळसर, आधी वागणूक नोंदवायची आणि नर-मादी नंतर कळायला हवं, हे जमवायचं कसं? दहा दिवसांची सगळी पिल्लं सारखीच दिसतात. आज ज्याची नोंद घेतली ते दीड महिन्याने कुठलं, हे ओळखणार कसं?


निरंजना

मी झेब्राफिशवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, पुण्यात. मोठ्या गप्पीला खूण करायला त्वचेखाली रंगीत सिलिकॉनचा बारीकसा ठिपका टोचतात. घरी ते करू नका, आणि दहा दिवसांच्या पिल्लाला तर नाहीच. सोपा उपाय म्हणजे चाचणी झाली की प्रत्येक पिल्लू वेगळ्या बरणीत वाढवायचं. बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे शेजारी दिसत राहतील. एकटं वाढलेल्या माशाचं वागणं बदलतं, हा दोष राहणारच, पण दिसणारी सोबत अगदीच नसण्यापेक्षा बरी. रोज पाणी बदलावं लागेल. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच.

तुम्ही गप्पी निवडलात हे चांगलं झालं. माझ्या माशात हा प्रश्नच विचारता येत नाही. झेब्राफिश आपल्या गंगेच्या खोऱ्यातला, १८२२ मध्ये हॅमिल्टन यांनी वर्णन केलेला. त्याच्या पिल्लांत सुरुवातीला सगळ्यांतच अंडाशयासारखी ग्रंथी तयार होते, आणि पुढे काहींमध्ये ती मोडून वृषण बनतं. एकमेकांजवळ जाण्याची ओढ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसायला लागते. म्हणजे 'नर पिल्लू' असं म्हणण्याजोगं शरीरात काही पक्कं होण्याआधीच ती सोबत धरायला लागलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ उठले नव्हते. गप्पीमध्ये मात्र आपल्यासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात आणि पिल्लू जन्मतं तेव्हा ते नर की मादी हे आत ठरलेलं असतं, फक्त बाहेरून दिसत नाही.


बाबूकाका

मी आरोग्य खात्यात होतो, हिवतापाच्या कामावर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आम्हीच भिंतींवर रंगवत फिरायचो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटची टाकी असायची, पैदास केंद्र. तिथून पिशव्या भरून गावोगाव विहिरी, हौद, बांधकामाची डबकी यांत सोडायचे.

माझ्या पाहण्यातलं सांगतो. पैदास टाकीत जाळी घातली की माद्या एकत्र यायच्या, एका खेपेला पंधरा-वीस. नर एकेक करून कडेने निसटायचे. नवीन मुलगा कामावर आला की तो सगळी मोठी जाड मासळी बघून खूश व्हायचा आणि पिशवीत नुसत्या माद्या भरायचा. मी म्हणायचो चालेल, त्या पोटुशा आहेत, महिन्याभरात विहीर भरेल. आणि भरायची.

दुसरं एक कोडं आहे माझ्या मनात. पैदास टाकीवर खंड्या यायचा, बगळा यायचा. तिथली मासळी सावली पडली की एका जागी गोळा व्हायची. पण झाकणाच्या हौदात वर्षानुवर्षं असलेली मासळी सावलीला तितकी दाद देत नसे, पसरलेली असायची. एकच बी, मी स्वतः सोडलेलं. असं का व्हावं?


ओहोळ

बाबूकाका, नमस्कार. तुमच्या हौदांत नेमकं काय घडलं ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असं घडू शकतं याचा भक्कम पुरावा आहे. १९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स यांनी त्रिनिदादमध्ये धोक्याच्या पाण्यातले २०० गप्पी ग्वानापो नदीतून उचलून तुरुरे नदीच्या वरच्या, शिकारी मासे नसलेल्या भागात सोडले. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी अरिपो नदीच्या खोऱ्यात तसंच केलं, आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या नरांचे ठिपके मोठे आणि ठळक झाले. गिळणारा नसेल तर भडक रंगाची किंमत मोजावी लागत नाही. थव्याचंही तसंच. शत्रू नसेल तर थवा म्हणजे शेजाऱ्याशी घासावरून भांडण.

तुमची माद्यांची पिशवी तर फार बोलकी. २०११ मध्ये डीकन, रामनारीन आणि मॅगुरन यांनी त्रिनिदादमध्ये मोठ्या टाक्यांत एकेकच गाभण मादी सोडून पाहिली, आणि एकेकटीपासून वस्त्या उभ्या राहिल्या.

म्हणूनच सगळ्यांना हात जोडून विनंती. हौद, बंद टाकी ठीक. ओढ्यात, नदीत, डोंगरातल्या डोहात गप्पी सोडू नका. सह्याद्रीच्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे आपले मासे आहेत. डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेले, पृष्ठभागालगत फिरणारे ॲप्लोकायलस तुम्ही सर्वांनी पाहिले असतील. त्यांच्या घरात पाहुणा घुसवायचं कारण नाही.


बाबूकाका

आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन पऱ्यांमध्ये, म्हणजे डोंगरातल्या लहान ओढ्यांमध्ये, मी स्वतः सोडलेत. आता जाऊन बघतो.


जुईली_ठाणे

धागा वर काढतेय. अडीच महिने झाले, क्षमस्व, पण बरण्या सांभाळत होते.

दुसऱ्या मादीची पिल्लं. १२ घेतली. दहाव्या दिवशी चाचणी. टाकीच्या एका टोकाला पाण्यात काचेचा उभा पेला, त्यात तिचीच दुसरी चार पिल्लं. दुसऱ्या टोकाला तसाच पेला, रिकामा. मध्ये चाचणीचं पिल्लू सोडायचं, दोन मिनिटं स्थिरावू द्यायचं, मग दहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला बघायचं. सोबतीच्या पेल्याजवळ आहे की नाही, एवढंच. एकूण २० नोंदी. मग पिल्लू बरणीत, बरणीवर आकडा. १२ बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने. सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून दिल्या, त्यांचे आभार मानायलाच हवेत.

दीड महिन्याने पर स्पष्ट झाले. ७ माद्या, ५ नर. त्या रात्री मुलाने वही उघडली आणि मी आकडे वाचले. दहाव्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ सोबतीजवळ राहिलेलं पिल्लू, २० पैकी १८, ते नर निघालं. सगळ्यात कमी, ९, ती मादी. बाकीची सगळी मधली, नर-माद्या मिसळलेले. मी तीनदा वाचलं. माझ्या मनातलं उत्तर तिथे नव्हतं.

नवव्या आठवड्यात हीच चाचणी पुन्हा केली. पेल्यात चार मोठ्या माद्या ठेवल्या. आणि इथे मी गोंधळले आहे. नर पेल्याला चिकटूनच बसले! माद्यांपेक्षाही जास्त. म्हणजे नर जास्त सोबत करणारे? मग टाकीतलं काय?


सरळरेषा

ते पेल्याजवळ काय करत होते? नुसते जवळ होते, की काही करत होते?


जुईली_ठाणे

आता चित्रफीत पुन्हा पाहिली. तुम्ही विचारलंत म्हणून बघायला गेले. नर काचेला तोंड लावून अंग एस आकारात वाकवतो, सगळे पर ताणतो, थरथरतो. मग बाजू बदलून पुन्हा. एकाने दहा मिनिटांत हे ३१ वेळा केलं. मादी आली तर ती पेल्याला समांतर होते, आतल्या माद्या वळल्या की वळते, थांबल्या की थांबते. अंग वाकवत नाही.


ओहोळ

तेच ते. अंगाचा एस करणं म्हणजे गप्पी नराचं प्रियाराधन. तुमची नोंदपद्धत फक्त अंतर मोजत होती, जवळ येण्याचं कारण नाही. सरळरेषा यांनी अगदी नेमकं विचारलं. पेल्यात माद्यांऐवजी दोन आठवड्यांची पिल्लं ठेवून पाहा. त्यांच्यासमोर प्रियाराधनाचं कारण उरणार नाही.


जुईली_ठाणे

केलं. पेल्यात चार लहान पिल्लं, बाकी सगळं तेच. या वेळी मोजणी मुलाने केली, चित्रफितीवर, आणि मी मोबाईल इतक्या दूर धरला होता की रंग कळत नव्हता, फक्त आकार. नर लहान असतो म्हणून थोडा अंदाज येतोच, ते मान्य.

माद्यांतल्या सहा पेल्याजवळ जास्त वेळ राहिल्या, अकरा ते सोळा नोंदींपर्यंत. पाच नरांतला एकच दहाच्या वर गेला. बाकीचे आले, एकदा पेल्याभोवती फिरले, निघून गेले, टाकीच्या चारी कडा धुंडाळत राहिले. आणि दहाव्या दिवशी १८ वेळा सोबतीला चिकटलेला तो नर? या वेळी ४. लहानपणी ज्याला एक क्षण एकट्याने राहवत नव्हतं तोच.

सातवी मादी, जी लहानपणीही ९ वर होती, ती आताही ८. ती तशीच आहे. ही नर-मादीच्या रकान्यात बसत नाही आणि मला ती सगळ्यात आवडते.


निरंजना

१२ पिल्लं फार थोडी आहेत, एकाच आईची आहेत, आणि बरणीत वाढलेली आहेत, हे लक्षात असू द्या. पण पद्धत स्वच्छ आहे. आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा धागा वाचायला देणार आहे, तुमची परवानगी असेल तर. आणखी दोन माद्यांची पिल्लं घेता आली तर बघा.


काचपेटी

आता त्या १२ चं काय केलंत? बरण्यांतून सोडा बिचाऱ्यांना.


बाबूकाका

मी जाऊन आलो. एका पऱ्यात गप्पी अजून आहेत, पांढऱ्या ठिपक्याचे नाहीत. दुसऱ्यात पांढऱ्या ठिपक्याचे आहेत आणि गप्पी एकही नाही. पावसाळ्यात तो पऱ्या फार जोराने वाहतो, कदाचित म्हणून. पहिल्या पऱ्यावर शेजारच्या दोन मुलांना घेऊन जाळी धरायला जाणार आहे रविवारी. निघतील तेवढे काढतो आणि गावातल्या बंद हौदांत टाकतो.

आणि मास्तर, पऱ्यातले गप्पी माझी सावली पडली तशी गोळा झाले. तिथे खंड्या बसलेला होता फांदीवर.


जुईली_ठाणे

काका, किती निघाले ते नक्की लिहा, नर आणि माद्या वेगळे मोजता आले तर आणखी छान.

काचपेटीदादा, सोडल्या. पाच नर जुन्या अकरा नरांच्या टाकीत गेले, पहिल्या दिवशी थोडी ओढाताण झाली, आता ठीक. सात माद्या नव्या टाकीत, एकत्र. आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये काच नाही. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, बरणीएवढ्याच जागेत गोल फिरत होती. तिसऱ्या दिवशी दोघी मॉसजवळ एकत्र दिसल्या. काल पाच होत्या. ८ नोंदींवाली एकटीच फिल्टरखाली.

ओहोळसरांनी लिहिलेले १२ दिवस मी कॅलेंडरवर मोजले. गुरुवारी बारावा. त्या दिवशी टाकीत एक अनोळखी मादी सोडणार आहे, या सातजणी तिला कशा घेतात ते बघायला. वही आणि पेन्सिल टाकीवर ठेवली आहे.